निळ्या मातीचा प्रसाद

समीक्षाचं पत्र चार महिने महिपतीभाऊंच्या शब्दकोशात पडून होतं. भाऊंनी लोणावळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. ही मुलगी तिथं शिकायची. लग्न होऊन ती नवलाख उंबरे या गावी गेली. ‘भाऊ, फोन नवऱ्याकडे असतो, म्हणून लिहिते. मला दिवस गेलेत. सासूबाई महाराजांनी कारखान्याच्या रंगाच्या पाण्यातून काढलेली निळी माती खायला देतात. खाऊ का?’

भाऊंनी तीनदा उत्तर लिहून फाडलं. आपण कुठले शास्त्रज्ञ? चुकलं तर? मग घरीच कपड्यांचा रंग आणून ते महिनोन्‌महिने प्रयोग करत बसले, आणि शेवटी स्वतःच तिच्या गावी निघाले.

ओढ्याकाठी गाव लोटला होता. वरच्या कापड रंगवायच्या कारखान्याचं पाणी मिसळून ओढा निळा झालेला. निळाईनाथ महाराजांनी ते पाणी बरणीत घेतलं, वर मूठभर विभूती टाकून ढवळलं.

"शंकरानं हलाहल पचवलं, आपली विभूती केमिकल पचवती. मशीन नको, वीज नको, साहेबाची सही तर नकोच नको."

भजन संपेस्तोवर निळा गाळ तळाशी बसला, वर पाणी नितळ. लोकांनी हात जोडले. त्या गाळाच्या गोळ्या प्रसाद म्हणून वाटल्या जाऊ लागल्या. विभूतीची पोती कारखान्याच्याच टेम्पोतून उतरत होती, ते कुणाला खुपलं नाही.

रांगेत समीक्षाची सासू आक्काबाई दिसली; लग्नात भाऊंनी तिला पाहिलं होतं. भाऊंनी दबकत विचारलं, "समीक्षा कशी आहे?"

"म्हायेरी हाय, परंदवडीला. सातव्यात पोर गेलं. लय शंका घ्यायची. निम्मी माती थुकायची. द्येवाला समदं कळतं."

भाऊ थेट पुढे महाराजांच्या बरणीपाशी गेले. मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले. "महाराज, माझीही विभूती बघा." त्यांनी पिशवीतून मुलतानी माती काढली, ओढ्याच्या पाण्यात ढवळली.

"भाऊ, भजन कोन म्हननार?" कुणीतरी हसलं.

भजनाविना पाणी नितळलं.

"वाण्याकडची माती आहे. रंग तिच्या कणांना चिकटतो, एवढंच. तो पचत नाही की नाहीसा होत नाही." भाऊंनी महाराजांची एक गोळी पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात कालवली, लिंबू पिळलं, मीठ घातलं. वरचं पाणी हळूहळू निळं होत गेलं. "पोटातही असंच आंबट असतं, मावशी."

आक्काबाईच्या हातातली गोळी ओठांपाशी थांबली.

"लिंबू काढलं बघा," महाराज म्हणाले. "करणीवाला हाय ह्यो."

निम्मी रांग मोडली. निम्मी तशीच उभी राहिली.

घरी येऊन भाऊंनी चौथं उत्तर लिहिलं.

‘मातीनंच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तू शंका घेतलीस म्हणून झालं नाही, हे नक्की. तुझी शंका बरोबर होती. तू विचारलंस तेव्हा “खाऊ नकोस” हे दोन शब्द मला येत होते. विचारत राहा. हात जोडण्याआधी प्रत्येकानं विचारावं. आणि ज्याला थोडं कळतं, त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये.’

हे त्यांनी फाडलं नाही. पाकिटावर परंदवडीचा पत्ता घातला, पोस्टाच्या पेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथंच उभे राहिले.