व्हर्नानं मला विकलं, ते बरंच झालं

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि मला विकून टाकलेलं आहे. लगेच हळहळू नका. आधी सगळं ऐका.

माझं अंग जपानमधल्या कारखान्यात ओतलं गेलं. जहाजानं अमेरिकेत आले, तर तिथल्या दुकानदारानं माझ्या कपाळावर स्वतःचंच नाव चिकटवलं. रंग मोरपंखी, पाठीशी मोटर, डोक्याजवळ दिवा. त्या दिव्याचा मला फार तोरा होता. आयोवातल्या एका शेतावर व्हर्ना नवी नवरी म्हणून आली, त्याच वर्षी मीही आले. तिच्या नवऱ्याच्या, मर्लच्या, विजारी आणि मुलांचे कोट माझ्याच सुईखालून गेले. पण व्हर्नाचा खरा जीव गोधड्यांत. जत्रेत गोधडीला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली की ती सांगायची, "मी नुसतं कापड धरलं, शिवलं हिनं." मी फुगून जायचे.

मग तिचा उजवा खांदा गेला. मोठी गोधडी शिवताना तिची गुंडाळी माझ्या मानेखालून ढकलावी लागते, आणि तिथे जागा जेमतेम वीतभर. पलंगभर गोधडी त्यातून ढकलणं म्हणजे वासरू खिडकीतून बाहेर काढणं. व्हर्नाची बहीण आर्डिस वारली, तेव्हा तिनं तुकडे जोडून ठेवलेली गोधडी अर्धवट राहिली होती. "मी पुरी करीन," असा व्हर्नानं तिला शब्द दिला होता. हातभर शिवून झाली आणि खांद्यानं दगा दिला. तीन वर्षं ती घडी माझ्याशेजारी पडून होती. मला तिची लाज वाटायची.

शेजारच्या गावात एकीनं लांब हाताची मशीन विकायला काढली. तिच्यात गोधडी चौकटीवर ताणतात आणि मशीनच रुळांवर फिरते, ढकलायचं काही नाही. व्हर्नाच्या साठवणीत थोडे पैसे कमी पडत होते.

"हिला विकू," ती म्हणाली.

"त्यापेक्षा माझा ट्रॅक्टर वीक," मर्ल म्हणाला.

"तो कोण घेणार? चालू व्हायला चार माणसं लागतात त्याला!"

मला मात्र भयंकर राग आला. पंचावन्न वर्षं राबून हे फळ!

पहिला आला शहरातला, हॉटेलं सजवणारा. मागितली तेवढी किंमत द्यायला तयार. "इथून आरपार भोक पाडलं की वायर वर नेता येईल, मॅडम. झकास टेबल-लॅम्प होईल."

"आणि शिवणार कोण?"

"शिवायचं कशाला? दिसते किती छान!"

व्हर्नाचा हात माझ्यावर आला. "विकायची नाही."

तो गेल्यावर मर्ल करवादला, "अगं, पाकीट बाहेर काढलं होतं त्यानं!"

"काढू दे. हिच्या पोटात भोक पाडू देणार नाही मी."

मी सुटले खरी, पण संध्याकाळी व्हर्नानं आर्डिसची घडी उघडली आणि तशीच मिटली. माझ्या जिवासाठी तिचा शब्द अडला होता. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी दाराशी घोडागाडी थांबली. लोव्हिना आली, पलीकडच्या वळणावरची, जुन्या रीतीनं राहणाऱ्या आमिश पंथाची बाई. त्यांच्या घरी वीज घेत नाहीत. "माझी पायमशीन मोडली हो. सहा पोरांचे कोट कापून पडलेत. ही मी तिच्या पायानं चालवायच्या टेबलावर बसवीन. मोटर आणि दिवा काढून घ्या."

दिवा काढायचा! माझा सगळा तोरा त्यातच होता! तोवर तिनं पट्टा उतरवून चाक हातानं फिरवलं, कान लावला, चिंधीवर चार टाके घातले आणि चिंधी उलटून बघितली. "मागूनही टाका सरळ आहे. तेल वेळच्या वेळी घातलंय तुम्ही." मग ती ओशाळली. "पण माझ्याकडे एवढेच पैसे आहेत."

मर्लनं नकारार्थी मान हलवली. "एवढ्यात ती लांब हाताची मशीन येईल, पण तिची चौकट बारा फुटी आहे. ती वाहून आणणाऱ्याला द्यायला काही उरणार नाही."

"त्याला कशाला बोलावता? माझे चार भाऊ धान्याची कोठारं उभी करतात. तुमची चौकट काय घेऊन बसलात!"

"मग जेवण माझ्याकडे," व्हर्ना म्हणाली.

"त्यांची भूक बघितली नाहीत अजून तुम्ही!"

भावांनी लांब हाताची मशीन आणली, व्हर्नाची खिडकी चौकटीसकट काढली, मशीन आत घेतली, खिडकी परत बसवली आणि व्हर्नानं भाजलेले तीन अख्खे ॲपल-पाय फस्त केले. मी घोडागाडीतून निघाले, मोटर-दिव्याविना, मुंडण केल्यासारखी. पहिला आठवडा मी रुसूनच होते. पण लोव्हिनाच्या पायांची लय लागली, सहाही कोट झाले, आणि दिवसाउजेडी खिडकीशी शिवायला दिवा लागत नाही हे मला कळलं.

ऑक्टोबरात व्हर्ना आली. काखेत आर्डिसची गोधडी, मधले सगळे टाके भरलेले. फक्त कड लावायची होती, आणि कडेला गुंडाळी मानेखालून ढकलावी लागत नाही.

"लांब हाताला कड जमत नाही," ती म्हणाली, "आणि कड लावणारी तर मी विकून बसले."

"बसा मग," म्हणत लोव्हिना उठली.

व्हर्नाचे पाय आधी चुकले, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. दोघी खूप हसल्या. मग चारी बाजू झाल्या. शेवटच्या कोपऱ्यात दोरा तोडून व्हर्नानं गोधडीवर गाल टेकला. "झाली गं, आर्डिस."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला तेल घाला. तुमच्या हातून चालत नसेल, तर ज्याच्या हातून चालेल त्याच्याकडे जाऊ द्या. शोभेला मात्र ठेवू नका. आम्हाला काम हवं असतं.