कव्हरवरच्या टिकल्या

कोबेत आमच्या ओळखीचा एक म्हातारा होता. त्याच्याकडे सोल आणि रेगे संगीताच्या इतक्या रेकॉर्डी होत्या की छत कोसळेल या भीतीने खालच्या मजल्यावरचा शेजारी घर सोडून गेला. म्हातारा वारला तेव्हा टोकियोहून त्याची मुलं आली आणि रेकॉर्ड हा जळणारा कचरा की न जळणारा, यावर त्यांचा वाद झाला. जपानात असे वाद फार जबाबदारीने होतात. मुलांनी वॉर्ड ऑफिसला फोन करून खात्री करून घेतली आणि ठरलेल्या सकाळी सगळा संग्रह नियमानुसार पिशव्यांत भरून बाहेर ठेवला. आम्हा तिघांना बातमी लागली तोवर गाडी येऊन गेली होती.

आम्ही तिघं म्हणजे ओता-सान, हिराता-सान आणि मी, अवधूत. सान म्हणजे आपलं ‘राव’. ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका भारतीय कापड-निर्यातदाराकडे हिशेब लिहायला म्हणून पुण्याहून आलो. ओता बंदरावर क्रेन चालवायचा आणि शनिवारी सान्नोमिया स्टेशनजवळच्या एका तळघरातल्या क्लबात रेकॉर्ड लावायचा. क्लबाचं नाव ‘हातोबा’, म्हणजे बंदराचा धक्का. हिराता डेंटिस्ट. दिवसा लोकांचे दात काढायचा आणि रात्री असा नाचायचा, की भूल न देता कुणी त्याचाच दात काढतंय असं वाटावं.

जहाजांवरचे खलाशी जमैकातल्या किंग्स्टनच्या सात इंची रेकॉर्डी घेऊन यायचे. मधलं भोक भलं मोठं, लेबल कोरं, गाणाऱ्याचं नाव पेनने लिहिलेलं, तेही बहुधा चुकीचं. ओता एकेक सुईखाली ठेवायचा. आधी नुसती खरखर, मग तळघराच्या फरशीतून बेस वर चढायचा आणि गुडघ्यांना परस्पर निर्णय घेता यायचे. साडेआठला आमटीभात खाऊन झोपणाऱ्या घरातला मी, तिथे घामाने निथळत एका डेंटिस्टच्या शेजारी डोळे मिटून डुलायचो. तेवढं सुख मला पुढे कुठल्याही सुशिक्षित ठिकाणी मिळालं नाही. पंच्याण्णवच्या भूकंपात ते तळघर बुजलं. क्लब बंद असतानाची पहाट होती, म्हणून आम्ही उरलो. ओताने हातांनी ढिगारा उपसून सापडतील तेवढ्या रेकॉर्डी बाहेर काढल्या.

तर कचऱ्याच्या त्या गाडीनंतर आम्ही एक नियम केला. प्रत्येकाचा एक रंग. रेगेवाल्यांना रंग निवडायला वेळ लागत नाही, त्यांच्या झेंड्यात तीनच असतात; ओता हिरवा, हिराता पिवळा, मी लाल. मित्राच्या घरी गेलं, की त्याच्या पश्चात आपल्याला हवी असलेली रेकॉर्ड शोधायची आणि कव्हरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात आपल्या रंगाचा गोल स्टिकर चिकटवायचा. तेवढ्यात यजमान चहा करायला आत जातो. त्याने बघायचं नाही, विचारायचं नाही. स्टिकर काढायचा तर ज्याने लावला त्यानेच. काढला, म्हणजे ‘मला आता त्याची गरज नाही’.

स्टिकर हिराताच्या दवाखान्यातले. पेशंटच्या फायलींना लावायचे. “पेशंट जातो, पण हा पडत नाही,” असं तो अभिमानाने सांगायचा.

त्यांना ‘टिकल्या’ म्हणायला सुरुवात पद्मिनीने केली. पद्मिनी माझी बायको. तिच्या स्वतःच्या टिकल्या बाथरूमच्या आरशावर असतात. माझ्या शेल्फमध्ये हिरव्या-पिवळ्या दिसल्या तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं.

“म्हणजे तुम्ही एकमेकांच्या मरणावर रिझर्वेशन करता?”

“आधीपासून केलेलं बरं असतं.”

“आणि तोंडाने सान-सान करता. धन्य आहे!”

गेल्या वसंतात ओता आमच्याकडे चहाला आला. थोडा दमलेला होता, पण बोलला मजेत. चारेक दिवसांनी मी एक जुनी सोलची रेकॉर्ड काढली. बायको सोडून गेलेल्या माणसाचं गाणं. ओताला ती इतकी आवडायची की त्याची बायको काळजीत पडायची. कव्हर उलटलं तर हिरवी टिकली नव्हती. दुसरी काढली, तिसरी काढली. शेल्फभर एकही हिरवी नव्हती. पिवळ्या सगळ्या जागच्या जागी.

महिन्याभरात ओता गेला. स्टेशनच्या जिन्यावर बसला तो उठलाच नाही.

अंत्यविधीनंतर मी हिराताला टिकल्यांचं सांगितलं. त्याने चष्मा पुसला. “त्याला कळलं होतं तर. मी चहा करायला आत गेलो, आणि त्याने न बोलता निरोप घेतला, असं म्हण.”

“चहा मी करत होतो, तू नव्हतास.”

“तेच ते. काय माणूस होता!”

ओताच्या बायकोने दारात वाकून आम्हाला आमच्या लाल-पिवळ्या रेकॉर्डी दिल्या. मरावं तर असं, यावर आमचं एकमत झालं. एकमत करायला दोघंच उरलो होतो, त्यामुळे सोपं गेलं.

मग शरदात पिवळ्या गेल्या.

मी शेल्फसमोर फरशीवरच बसलो. एकेक कव्हर उलटून पाहिलं. हिराता आदल्या रविवारी येऊन गेला होता, त्याने चहाही घेतला होता. खूप हसला होता, आणि आता ते हसणं मला आठवायला नको वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रेन पकडून रोक्कोला गेलो. हिराता तिथे चढावरच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. जाताना डिपार्टमेंट स्टोअरमधून महागडं खरबूज घेतलं. इथे आजाऱ्याला खरबूज नेतात. दार उघडून त्याने आधी खरबुजाकडे पाहिलं.

“कोण आजारी आहे?”

“हिराता-सान, माझ्यापासून लपवू नकोस.”

“काय?”

“माझ्याकडच्या टिकल्या काढल्यास तू.”

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. “अवु-सान, मी एकही काढलेली नाही. उलट गेल्या रविवारी एक नवीन लावली. त्या कोऱ्या लेबलच्या रेकॉर्डला.”

“तीही नाही.”

खोलीत त्याचा झाडू मारणारा यंत्रमानव, तो चपटा गोल डबा, टेबलाच्या पायावर आपटून दिशा बदलत होता. हिराताने त्याला पायाने अडवलं.

“मग ओताने तरी काढल्या होत्या का?” हिराताने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर ज्याला माहीत होतं तो जिन्यावरून उठला नव्हता. “मी पुढच्या आठवड्यात तपासणी करून घेतो,” हिराता हळूच म्हणाला. हा माणूस लोकांना दर सहा महिन्यांनी दात दाखवायला लावायचा, पण स्वतः तपासणीला गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आलो तर पद्मिनी पोहे करत होती. तिने मसाल्याच्या कपाटातून हळदीची बरणी काढून ओट्यावर ठेवली. झाकणावर पिवळी टिकली होती. शेजारी धनेपूड, झाकणावर हिरवी. मोहरीच्या डब्यावर दोन पिवळ्या, डोळ्यांसारख्या.

मला आधी रडू आलं, मग हसू, मग पुन्हा रडू. पद्मिनीने गॅस बारीक केला. “काय झालं हो?”

मी फोन उचलून हिराताला लावला. “तू हळदीवर आहेस! माझी बायको तुला हळदीवर चिकटवते आहे!”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो इतका हसला की फोन बाजूला ठेवून खोकून आला. “आणि ओता?”

“धनेपूड.”

“ओताला धनेपूड आवडली असती,” तो म्हणाला. “चला, तपासणी रद्द. तुझं खरबूज मीच खाणार.”

मी पोहे खायला बसलो. कालपासून पहिल्यांदाच भूक लागली होती. म्हटलं, “पद्मिनी, तू भलतीच आहेस. विचारायचं तरी. त्या सोलून काढायला किती वेळ लागला?”

“सोलून? मी कशाला सोलू?”

“मग?”

“खाली पडलेल्या होत्या. शेल्फसमोर, जमिनीवर. हिरव्या सगळ्या एका दिवशी मिळाल्या केर काढताना, ते ओता-सान येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. गोंद चांगला होता अजून, म्हणून टाकवल्या नाहीत.” तिने माझ्या ताटलीत लिंबू पिळलं. “पिवळ्या परवा. मला वाटलं, हीटर लावला म्हणून गळल्या.”

“ओता आला तेव्हा हीटर नव्हता.”

“नव्हता खरा.”

पोहे गार झाले. गोंद चांगला होता म्हणजे काय, ते मला बघायचं होतं. हळदीच्या झाकणावरची टिकली नखाने खरवडून पाहिली. कडसुद्धा सुटेना. पद्मिनी ओट्याशी उभी राहून बघत होती. तिच्या आईच्या कपाळावरून कुंकू निसटलं, की पुण्याच्या त्या घरात सगळे गप्प व्हायचे, एवढं मला ठाऊक होतं. तिने बरणी माझ्या हातातून काढून घेतली.

“त्यांना फोन करा,” ती शेवटी म्हणाली. “तपासणी करू दे त्यांना.”

“आत्ताच तर हसवलंय त्याला.”

“मग आता रडवा. काय बिघडलं?”

मी पुन्हा फोन लावला. सकाळी मारलेल्या आणि दुपारी जिवंत केलेल्या माणसाला संध्याकाळी परत कसं मारायचं, याचं जपानी भाषेत सन्मानदर्शक रूप नाही. मी सरळ सांगितलं.

“खाली पडल्या?” हिराता म्हणाला. “आपोआप?”

“तपासणी कर.”

“अवु-सान, दिवसातून एकदाच ठरव. मी मरतोय की नाही?”

“मला माहीत नाही. म्हणूनच कर.”

त्याने खूप शिव्या दिल्या, प्रत्येकीच्या शेवटी सान लावून. पण गेला. मूत्रपिंडावर सुपारीएवढं काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. सहा महिने उशीर झाला असता तर आम्ही फक्त चहा पाजला असता. जपानी डॉक्टर इतकं स्पष्ट बोलला, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. ते मूत्रपिंड काढलं. हिराता तीन आठवड्यांनी घरी आला, निम्मा होऊन, पण आला. हॉस्पिटलातून त्याने पद्मिनीला फुलं पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘केर काढल्याबद्दल आभार.’

पद्मिनीने फुलं फुलदाणीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात तो प्रश्न बरेच दिवस असणार. माझ्याही होता, पण मी त्याच्या वाटेला जात नव्हतो.

“तुमच्या लाल कुठे असतात हो?”

“हिराताकडे. ओताकडच्या रेकॉर्डी वाटल्या गेल्या, आता फक्त त्याच्याकडेच आहेत.”

“त्यांच्याकडे केर कोण काढतं?”

त्याच्याकडे केर तो गोल डबा काढतो. जे पडलं असेल ते गिळतो आणि कुणाला सांगत नाही.

आज सकाळी मी त्याच्याकडे गेलो. पद्मिनी स्टेशनपर्यंत सोडायला आली, हे तिने या देशात आल्यापासून कधी केलेलं नव्हतं. हिराताने दार उघडलं. पायजम्यात बुजगावण्यासारखा दिसत होता, पण डोळे पूर्वीचेच, क्लबातले. “बस. लावतो काहीतरी,” म्हणाला. मी खुर्ची शेल्फकडे पाठ करून घेतली. त्याने ते पाहिलं आणि शेल्फकडे वळला.

त्याने एक रेकॉर्ड काढली. ती मला माहीत होती. ओता शनिवारी सगळ्यात शेवटी हीच लावायचा, दिवे लागायच्या आधी. तिच्या मागे मी माझी पहिली लाल टिकली लावली होती. हिराताने ती सुईखाली ठेवली. खरखर झाली आणि बेस सुरू झाला. फरशी लाकडी होती, तरी तो पायांतून वर आला. हिराताने कव्हर हातात धरलं होतं. त्याची पुढची बाजू माझ्याकडे होती. मागची त्याने पायजम्यावर, जिथे टाके होते तिथे, घट्ट दाबून धरली होती.

“हिराता-सान.”

“ऐक, आता ऑर्गन शिरतो बघ, दुसऱ्या कडव्यात.”

“ते कव्हर जरा दे इकडे.”

त्याने दिलं नाही. गाणं संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे न बघता. आतल्या खोलीत यंत्रमानव भिंतीला आपटत होता. मग हिराताने कव्हर काखेत धरून तसंच स्वयंपाकघरात नेलं आणि तिथून आवाज दिला.

“अवु-सान, चहात साखर घालू का?”

हा माणूस डेंटिस्ट आहे. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्याने माझ्या कपात साखरेचा कण पडू दिलेला नाही. घेतली की अख्ख्या क्लबासमोर माझ्या दाढा मोजून दाखवायचा.

मी खुर्ची वळवली नाही.

“घाल,” म्हटलं, “आणि हातासरशी त्या तपासणीवाल्याचा नंबर दे.”