नऊ फुटांच्या दोन लेन

"हा टेप पुन्हा अडकून राह्यला. फेका लागते साल्याले," उकंडराव मिस्त्री पुटपुटले. त्यांच्या खिशात बसून मी हे रोज ऐकतो.

मित्रांनो, मी मोजमापाचा एक जुना टेप आहे. आसेगावच्या बाजारातला, लोखंडी पात्याचा. नवा होतो तेव्हा मिस्त्री मला शर्टाच्या बाहीनं पुसत. "याचा आकडा म्हंजे पत्थर की लकीर," असं चारचौघांत सांगत. आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर मी मोजलं. घरापुढचे ओटेही मीच मोजले. कोणाचा दोन फूट रस्त्यावर, कोणाचा अडीच. तेव्हा माझ्यावर सगळे खूश होते.

मागच्या वर्षी मिस्त्रींची लेक सरिता मोबाइलमधल्या नकाशावर गावचे रस्ते भरू लागली. तो नकाशा लोकांनीच भरायचा असतो. रस्त्याला लेन किती, म्हणजे शेजारी-शेजारी किती गाड्या जातील, हेही त्यात लिहायचं.

"लाइन?" शेजारच्या भागिरथाबाई म्हणाल्या. "लाइन तं सकाळपासूनच गेली, माय!"

सरिता हसली. तिनं मला समोरासमोरच्या दोन ओट्यांमध्ये ताणलं. नऊ फूट. म्हणजे लेन एकच.

भागिरथाबाईंचा मुलगा संघदीप म्हणाला, "दोन लिही वं. एक लिवली तं मोठी गाडी येईन काय इकडं? गल्लीची इज्जत हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. मिस्त्रींनीही हलवली. सरितानं दोन लिहिलं. मी मुकाट्यानं डबीत शिरलो.

उन्हाळ्यात भागिरथाबाईंच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी नकाशा पाहत निघाली. शाळेकडचा रुंद रस्ता सोडून ती सरळ आमच्या गल्लीत शिरली आणि समोरून आलेल्या ट्रॅक्टरमुळं दोन ओट्यांमध्ये फसली. मागं निघायला अर्धा तास लागला. भागिरथाबाई तेवढं थांबल्या नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, तेलही देऊ नका. मी दाखवतो तो आकडा तेवढा लिहीत जा.

भागिरथाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात सगळे नकाशाला शिव्या देत होते. संघदीप सरितावर ओरडला, "तुह्या नकाशानं माह्या मायले मारलं!"

सरिता मान खाली घालून उभी राहिली. मग मिस्त्री उठले.

"तिले कायले बोलतं, बापू? खोटं आपुनच लिवाले लावलं. अन् रस्ता काई कोणी चोरून नाई नेला. आपुनच खाल्ला. पयला ओटा माह्या घरचा."