काजळीवरची रेघ

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतली एक जुनी दांडी आहे. वीतभर लांब आणि फुंकरीनेही डोलणारी. कारागिराने मला घासून घासून हलके केले, कारण माझे काम नाजूक होते. काचेच्या नळीत, कोमट खारट पाण्यात, खाटकाकडून आणलेल्या जठराच्या स्नायूची पट्टी टांगत आणि तिचा दोरा मला बांधत. पट्टी आखडली की माझे टोक वर जाई, सैलावली की खाली येई, आणि समोर फिरणाऱ्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटे. जनावराचा जीव गेलेला असे. त्याच्या पोटाचे शेवटचे बोलणे मी लिहून घेई. त्यात पदरचे काही घालायचे नाही, एवढाच माझा धर्म.

एक संशोधक बाई मिरचीतल्या तिखट द्रव्यावर, कॅप्सेसिनवर, काम करत होत्या. त्यांना वाटे, तिखटाने पोट पिळवटते, म्हणजे रेघ वर चढेल. पहिल्याच दिवशी ती खाली उतरली. स्नायू सैल पडला होता! बाई हरखल्या. पण दुसऱ्या दिवसापासून रेघ जागची हलेना. दोन महिने रोज ताजी पट्टी येई आणि ढिम्म राही.

"दांडी अडकतेय, भंगारात टाका," त्यांचे सर म्हणाले. "आणि या आठवड्यात काही दिसलं नाही, तर हा विषय सोडा."

नाचता येईना, अंगण वाकडे, असे मी म्हणणार होते. पण मला तोंड कुठले? मित्रांनो, खोटेपणाचा आळ फार जिव्हारी लागतो.

नळ्या धुणारे मामा तीस वर्षे तिथे होते. मामांनी धुतलेली नळी म्हणजे आरसा, अशी त्यांची ख्याती. त्या सकाळी धुतलेली नळी पुसून त्यांनी डोळ्याला हात लावला आणि डोळा भगभगू लागला. मामांना सगळे उमगले. ते गप्प राहिले असते तर कोणाला कळलेही नसते. भंगारात मीच गेले असते.

"बाई, दांडीला बोल लावू नका," ते म्हणाले. "नळीतच तिखट राहिलंय. मी नुसत्या पाण्यानं धूत होतो. चूक माझी आहे."

"अहो मामा, ते पाण्यानं जातच नाही! स्पिरिटनं धुवा, हे मीच सांगायला हवं होतं." बाई म्हणाल्या.

उरलेल्या तिखटाने प्रत्येक नवी पट्टी आधीच बधिर होत होती. मग पुढचा थेंब काय करणार? मामांनी नळी तीनदा स्पिरिटने धुतली, मग पाण्याने. कॅप्सेसिन स्पिरिटमध्येच विरघळवलेले असे, म्हणून बाईंनी आधी नुसत्या स्पिरिटचा थेंब सोडला. रेघ सरळच राहिली. मग कॅप्सेसिनचा सोडला. मी हळूहळू खाली आले. सर चष्मा पुसून पुन्हा पाहत राहिले.

लाखेचे पाणी देऊन कागद पक्का करण्याआधी बाईंनी टाचणीने काजळीवर तारीख कोरली, औषधाचे नाव कोरले आणि खाली लिहिले, 'नळी मामांनी धुतली.'

आता पडद्याची यंत्रे आली आहेत. मी कपाटात पडून आहे. मामाही राहिले नाहीत. मित्रांनो, हाती आलेले साधन मनापासून धुवा, आणि उत्तर चुकले तर त्याला दोष देण्याआधी आपले हात तपासा. चूक सापडली तर मामांसारखी बोलून टाका. कपाटाच्या दाराला आतून तो कागद अजून चिकटवलेला आहे. कोणी दार उघडले आणि उजेड आला, की मला सगळ्यात आधी मामांचे नाव दिसते.