चादरीचं दुसरं टोक

“…आणि हे प्रभू, आमच्यातली एक बहीण कित्येक महिने मनात कडवटपणा धरून बसली आहे. तू तिला ओळखतोस. तिला मी आज सगळ्यांदेखत, मनापासून क्षमा करते.”

“आमेन,” बुधवारच्या प्रार्थनासभेत खोलीभर आवाज घुमला.

धाकटीनं खाडकन डोळे उघडले. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटलेले ठेवायचे हे तिला लहानपणीच शिकवलेलं; पण उघडून बघते तो निम्म्या मंडळीचे डोळे आधीच उघडे, आणि ते सगळे तिच्याचकडे लागलेले. समोरच्या खुर्चीत तिची थोरली जाऊ तेवढी डोळे गच्च मिटून, हात जोडून, सोशिकपणाचा पुतळा होऊन बसली होती.

क्षमा! हिनं मला! धाकटीची कानशिलं तापली. दुखलं माझं, दुखवलं हिनं, आणि क्षमा वाटायलाही हीच पुढे!

रस्त्यात ती नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालत होती.

“ऐकलंत ना? मला माफ केलं त्यांनी. मी मागायला गेले होते का?”

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. भांडण म्हटलं की तो खिशातला पाना चाचपायचा. “हे बघ, दिवसभर मी लोकांच्या वर-खाली होण्याचंच बघतो. घरी आल्यावर वहिनी वर की तू वर, हे मला विचारू नकोस.”

“वर त्याच आहेत. खाली मी आहे. त्यांचं सगळं गळतं ते माझ्यावर.”

हे मात्र अक्षरशः खरं होतं. घर दुमजली. वरच्या मजल्यावर थोरली, खालच्यावर धाकटी. थोरले दीर फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे वर थोरलीचंच राज्य. ती बालवाडीची मुख्य बाई. जन्मभर लहान मुलांशी बोलून बोलून तिला साऱ्या जगाशीच तसं बोलायची सवय लागलेली. बोलणं गोड, अक्षर सुंदर, प्रार्थना तर अशी की ऐकणाऱ्यानं पदर शोधावा. पण कपडे पिळणं तिला कधी जमलं नाही. तिनं दोरीवर टाकलेल्या चादरी दुपारपर्यंत ठिबकत राहायच्या, आणि बरोबर खाली धाकटीची सुकत आलेली दोरी असायची. धाकटी रुग्णालयाच्या कपडेघरात कामाला. दिवसभर वाफेत उभं राहून परक्यांच्या चादरी कोरड्या करायच्या, आणि घरी येऊन स्वतःचेच कपडे ओले बघायचे! वैताग यायचा नाही तर काय?

पण भांडण कपड्यांचं नव्हतं. भांडण एका शब्दाचं होतं.

सासूबाई शेवटची काही वर्षं खालीच होत्या, कारण जिना चढणं संपलं होतं. मग उठणं संपलं, मग दिसणं संपलं. त्यांचं न्हाणं, खाणं, कूस बदलणं, रोज भिजलेली चादर काढून दुसरी घालणं, सगळं धाकटीनं केलं. थोरली यायची. दारात उभी राहायची, नाकाला रुमाल लावून “कशा आहात आई?” विचारायची, एक सुरेख प्रार्थना करायची आणि वर जायची. धाकटीचं त्यालाही काही म्हणणं नव्हतं. एकेकाचा पिंड असतो. पण अंत्यविधीच्या दिवशी साक्ष द्यायला, आठवणीचे दोन शब्द बोलायला, उभी राहिली ती थोरली. “आम्ही आईंना फुलासारखं जपलं,” ती म्हणाली. “त्यांच्या अंगाला कधी जखम होऊ दिली नाही.” मंडळी रडली. नंतर लोक रांगेनं येऊन थोरलीचे हात हातात घेत होते. धाकटी मागच्या बाकाशी उभी होती. ब्लीचनं फुटलेले आपले हात तिनं पाठीमागे नेले.

आम्ही! त्या एका शब्दात ती कुठेतरी होती म्हणे. चिमटीत मावेल एवढी.

तेव्हापासून ती थोरलीशी बोलेनाशी झाली. आणि बोलणं बंद म्हणून प्रभुभोजनही बंद. मनात कुणाविषयी अढी असेल तर भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही, ही शिकवण तिच्या हाडीमाशी रुजलेली. बाकावरून हातोहात तबक यायचं, ती ते न घेता शेजारी सरकवायची. सगळ्यांना दिसायचं. थोरली मात्र दर वेळी शांतपणे घ्यायची. तिच्या मनात अढी नव्हतीच ना! धाकटीला त्या तबकाची भूक होती, अगदी पोटातून. रविवारी घरी आल्यावर जेवण समोर असूनही तिला उपाशी वाटायचं.

नवे पाळक एका दुपारी कपडेघरात आले. वयानं कोवळे, मनानं चांगले. भांडणं कशी मिटवावीत याचं कसलंसं शिबिर करून आलेले. वाफेनं त्यांचा चष्मा धुकटला.

“ताई, माफ करून टाका ना,” ते चष्मा पुसत म्हणाले.

“तयार आहे हो मी! पण चूक काय ते आधी त्यांना कळू द्या. नाहीतर माफ करू काय? हवा?”

“मग समोरासमोर बसू.”

बसले. चर्चच्या मागच्या खोलीत पाळकांनी तीन खुर्च्या तिरक्या मांडल्या, कुणी कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून. “एकच नियम,” ते म्हणाले. “ ‘तू असं केलंस’ म्हणायचं नाही. ‘मला असं वाटलं’ म्हणायचं.”

“मला असं वाटलं,” धाकटी म्हणाली, “की ह्यांनी माझी सगळी सेवा ढापली.”

“ढापली नको…”

“मग काय म्हणू? उसनी नेली?”

थोरलीनं मान हळूच कलती केली, रडक्या पोराकडे बघतात तशी. “पाळकसाहेब, मी तर हिला केव्हाच क्षमा केली आहे. बुधवारी. सगळे होते.”

“पण कशाबद्दल?” धाकटी खुर्चीच्या टोकावर आली.

“तू बोलत नाहीस त्याबद्दल.”

“मी का बोलत नाही?”

“ते तुझ्या मनाला विचार.”

“माझ्या मनाला माहीत आहे हो! तुम्हाला माहीत आहे का, ते विचारतेय!”

“बघितलंत?” थोरली पाळकांकडे वळली. “हा असा आवाज.”

पाळकांनी शेवटी प्रार्थना केली. ती लवकर आटोपली.

शनिवारी संध्याकाळी जुने पाळक येणार होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण प्रवचन गाऊन सांगावं तर त्यांनीच. पायपेटीवर बसायचे, पाय हलवत भात्यात हवा भरायचे, आणि गोष्ट सांगता सांगता कधी गाऊ लागले ते कळायचं नाही. घसा आता फाटला होता, वरचा सूर लागत नव्हता. पण लागत नाही तिथे ते थांबायचे, आणि ती थांबलेली जागाच काळजात जायची. धाकटी कितीही वैतागलेली असली तरी हे चुकवायची नाही. साऱ्या आठवड्याची वाफ तिथे निवायची.

त्या दिवशी त्यांनी जुनीच गोष्ट घेतली. आंधळा झालेला बाप आणि त्याचे दोन मुलगे. धाकटा थोरल्याचं सोंग घेऊन बापाजवळ जातो, बाप चाचपतो, आणि थोरल्याच्या नावचा आशीर्वाद धाकट्याच्या माथ्यावर पडतो. मग रानातून थोरला येतो आणि ओक्साबोक्शी रडतो. जुन्या पाळकांनी स्वतःच रचलेलं ध्रुपद धरलं :

*हात कुणाचा, माथा कुणाचा, कुणास लागे घाव,*
*देणाऱ्याला ठाऊक बाबा, घेणाऱ्याचं नाव.*

मंडळी मागून म्हणत होती. धाकटीच्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

कारण तिच्या डोक्यावर तसाच एक हात पडला होता. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. ती ओली चादर त्यांच्या अंगाखालून ओढून काढत होती, डोकं त्यांच्या छातीशी वाकलेलं. तेवढ्यात म्हातारीचा हात हवेत फिरत फिरत तिच्या केसांवर आला आणि थांबला. “थोरले,” सासूबाई म्हणाल्या, “तू होतीस म्हणून निभावलं गं माझं. देव तुला काही कमी पडू देणार नाही.”

थोरले!

मी धाकटी आहे, आई, असं तिनं म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही. हात तसाच डोक्यावर राहू दिला. मग तो उचलून पांघरुणाखाली ठेवला आणि भिजलेली चादर घेऊन न्हाणीत गेली. हे तिनं कुणाला, नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं. राग होता तो खरा इथे होता. निदान म्हातारीनं तरी ओळखायचं!

आणि आता हे जुने पाळक गाताहेत की धाकट्यानं लुबाडलं. मी काही सोंग घेऊन गेले नव्हते हो, ती मनातल्या मनात भांडली. मी भांडं आणि फडकं घेऊन गेले होते! पण ध्रुपद काही पाठ सोडेना. घरी येताना, दाराचं कुलूप काढताना, दिवा लावताना तेच. नाव दुसऱ्याचं. म्हणजे निरोप दुसऱ्याचा. दुसऱ्याचा निरोप आपल्याजवळ ठेवून कुठल्या तोंडानं म्हणायचं की माझं दुसऱ्यानं नेलं?

“अहो, मी जरा वर जाऊन येते,” ती म्हणाली.

नवऱ्यानं पाना चाचपला. “आता?”

“भांडायला नाही जात. तेच तर दुखणं आहे.”

थोरलीनं दार उघडलं आणि उघडंच धरून उभी राहिली. धाकटीनं उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, तारेचा मजकूर वाचावा तसं. आई काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या. “तुमचा आशीर्वाद आहे. माझ्याकडे राहिला होता. देऊन टाकला.”

थोरलीच्या तोंडावर हसू येऊ लागलं आणि मध्येच अडकलं.

“माझं नाव घेतलं?”

“तुमचंच.”

“आणि हात कुणाच्या डोक्यावर होता?”

“माझ्या. चादर बदलत होते.”

धाकटी थांबली. दोन शब्द येतील, निदान एक. थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. “बरं,” ती म्हणाली. आणि दार हळूच लागलं.

बरं! जिना उतरताना धाकटीचा संताप पायऱ्यांवर आपटत होता. पोटातलं काढून दिलं, आणि हिचं बरं! बालवाडीत पोरानं पेन्सिल परत केली तरी ही ‘शाब्बास’ म्हणते!

रविवारी भोजनाआधीच्या प्रार्थनेत थोरली उभी राहिली. धाकटीनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला.

“प्रभू,” थोरली म्हणाली, “आईंचा शेवटचा आशीर्वाद माझ्या नावानं होता. तुझे आभार.”

मंडळीतून हुंदके. कुणीतरी “किती भाग्य!” म्हणालं. थोरली तशीच उभी होती. पुढे काहीतरी यायचं होतं. तिची प्रार्थना एवढी तोकडी कधी नसायची. तोंड उघडलं, मिटलं, आणि ती मटकन खाली बसली. लोकांनी आमेन म्हणून टाकलं.

देवा, ही बाई! धाकटीला इतका वैताग आला की हसूच फुटायला आलं. गिळला! आशीर्वादसुद्धा अख्खा गिळला! आणि त्या उकळत्या वैतागाच्या तळाशी तिनं अढी शोधली, रोजच्या जागी. तिथे ती नव्हती. ज्याचं होतं त्याला पोचतं केलं होतं. पुढे थोरलीनं त्याचं काय करावं ते तिचं आणि देवाचं. तबक आलं तेव्हा धाकटीनं भाकरीचा तुकडा उचलला. प्याला उचलला. किती महिन्यांनी जिभेला ती चव लागली, आणि डोळ्यांना पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

तबक पुढे सरकलं. तिच्या नवऱ्यानं घेतलं. मग थोरलीपाशी गेलं.

थोरलीनं तबक दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ धरलं. आणि काहीही न घेता ते शेजारच्या बाईकडे सरकवलं.

आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांना दिसलं. नव्या पाळकांचा चेहरा तर असा झाला, जणू त्यांना पुन्हा खुर्च्या मांडायला लागणार.

दुपारी धाकटीनं मागच्या अंगणात कपडे वाळत घातले. शेवटचा चिमटा लावते न लावते तोच टप्प, वरून थेंब. मग दुसरा. तिनं मान वर केली. तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. थोरली पाणी निथळणाऱ्या चादरीचं बोचकं छातीशी धरून खाली येत होती. पायऱ्या भिजत होत्या, साडी भिजली होती.

“मला पिळता येत नाही गं,” ती म्हणाली.

“हे मला माहीत नसेल, तर कुणाला असेल?” धाकटी म्हणाली. “द्या ते टोक इकडे. नाही, असं नाही. मी फिरवते त्याच्या उलट फिरवा. दोघींनी एकाच बाजूला फिरवली तर काय होणार? ओढा. अजून.”

चादरीचा पीळ घट्ट होत गेला. पाणी धारेनं फरशीवर पडलं. थोरलीच्या मऊ हातांना झेपेना. टोक निसटायचं, ती पुन्हा धरायची.

“आईंच्या चादरी रोज असायच्या ना?” तिनं खाली बघत विचारलं. “एकटीनं कशी पिळायचीस?”

“एक टोक त्या नळाला बांधायचे.”

थोरलीनं नळाकडे पाहिलं. पितळेचा तो नळ मानेपाशी एका बाजूला वाकलेला होता, आणि तिथली चमक घासून घासून गेलेली होती. निसटलेलं टोक तिनं उचललं, मनगटाला एक वेढा दिला, आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“फिरव,” ती म्हणाली.