अर्विडच्या बंदुका

चौदा नोव्हेंबरला सकाळपासून लेम्पी कांगासने किल्लीची जागा चार वेळा बदलली. आधी ती कॉफीच्या डब्यात होती, मग पिठात गेली, मग शिवणाच्या पेटीत, आणि शेवटी तिने ती एप्रनच्या खिशात टाकली. किल्ली होती तळघरातल्या लोखंडी कपाटाची. त्या कपाटात अर्विड लाहटीच्या चार बंदुका होत्या आणि दुसऱ्या दिवशी हरणांचा हंगाम उघडणार होता. मिशिगनच्या या वरच्या टोकाला पंधरा नोव्हेंबर म्हणजे शाळा बंद, गॅरेज बंद, दातांचा डॉक्टरसुद्धा शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट चढवून जंगलात. अर्विड आज येणार हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

मार्चमध्ये तो स्वतःच त्या बंदुका घेऊन आला होता. फेब्रुवारीत त्याची बायको जोअॅन गेली, आणि तीन आठवड्यांनी हा दारात उभा. हातात गोधडीत गुंडाळलेलं जड बोचकं, दाढी वाढलेली, नजर पायरीवर.

"घरात ओल आलीय, लेम्पी. गंज चढेल. ठेवतेस जरा?"

त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं ते घर. गेल्या तीस वर्षांत त्यात पाण्याचा थेंब शिरला नव्हता. पण इकडे असंच बोलतात. माणसाला स्वतःचीच भीती वाटायला लागली की त्याच्या घरात ओल येते. मग शेजारी बंदुका ठेवून घेतो आणि ओल गेली असं ऐकलं की परत देतो. मध्ये कुणी काही विचारायचं नाही, विचारणं म्हणजे त्या माणसाचा पाणउतारा. लेम्पीनेही विचारलं नाही. ती गुपचूप तालुक्याच्या गावी जाऊन कपाट घेऊन आली आणि बंदुका त्यात त्यालाच ठेवायला लावल्या.

गावातली दहा घरं सोडून तो हिच्याकडे आला, कारण हिच्या घरात बंदूक नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न ठरताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, बंदूक नाहीतर मी. कार्ल बिचारा जन्मभर मासे धरत राहिला. त्याचं कारण तिचा भाऊ एडी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एडीच्याही घरात ओल आली होती आणि त्याने रायफल वडिलांकडे ठेवली होती. चौदा नोव्हेंबरला तो ती न्यायला आला. हसत होता, वेलचीच्या पावाचे दोन तुकडे खाल्ले, आईची थट्टा केली. वडिलांनी रायफल काढून दिली. ज्याची त्याला परत द्यायची, त्यात विचारायचं काय, असं ते म्हणाले. पंधराच्या सकाळी एडी शिकारीला पोचलाच नाही. त्याच रायफलने त्याने स्वतःला संपवलं होतं. वडील पुढे वीस वर्षं जगले, पण त्या घरात चौदा तारखेला कुणी धड जेवलं नाही.

आणि आता ती किल्ली हिच्या खिशात. देवाने काय सूड उगवलाय, असं पुटपुटत तिने ओव्हनमधून पेस्ट्या, म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या करंज्या, काढल्या. आतल्या मांसाचा आणि बटाट्याचा वास घरभर सुटला, पण तिला घास गिळवेना. खिडकीशी जा, परत ये, पुन्हा जा. देणार नाही, असं तिने ठरवलं. मग वाटलं, आपण कोण त्याची वस्तू अडवून ठेवणारे? मग पुन्हा ठरवलं, देणार नाहीच.

बाराच्या सुमाराला पिकअप ट्रकचा आवाज आला. अर्विड बूट झटकत आत आला. दाढी केलेली, केस विंचरलेले, आणि चक्क हसत होता. एडीही असाच हसत आला होता.

"वास रस्त्यापर्यंत येतोय," तो म्हणाला. "एक तरी वाढ बाई."

त्याने दोन पेस्ट्या संपवल्या. यंदा बर्फ उशिरा, हरणं दलदलीकडे सरकलीत, पेट्रोल महागलंय, असं सगळं झालं. लेम्पी हूं हूं करत होती. शेवटी त्याने मिश्या पुसल्या.

"ओल गेली, लेम्पी. किल्ली दे."

"कुठे ठेवली कोण जाणे."

"एप्रनच्या खिशात. मघापासून हात तिकडेच जातोय तुझा."

तिने हात मागे घेतला. अर्विड अजून हसतच होता, पण आता ते जरा ओढून आणल्यासारखं वाटत होतं.

"गॅरेजवाले काय म्हणतात माहितेय? अर्विड, यंदा हरणाला शिव्या देऊन मारणार का? बाराव्या वर्षापासून एकही पंधरा तारीख चुकवली नाही मी. बाबांची रायफल आहे ती. घरी बसलो तर लोक काय समजतील?"

"जे आहे तेच समजतील."

"म्हणजे?"

जे या गावात कुणी कुणाला विचारत नाही, तेच तिला विचारायचं होतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"अर्विड, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

तो असा ताडकन उठला की खुर्ची मागे आडवी झाली. "असं विचारतात होय? तोंडावर? मी तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू..."

"माझ्या वडिलांनी एडीला विचारलं नाही. मी तेव्हा बाजूच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. मीही विचारलं नाही. जा, रागाव. गावभर माझी बदनामी कर. पण उत्तर दिल्याशिवाय किल्ली मिळायची नाही."

अर्विड दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. मग परत आला, खुर्ची उचलली आणि तिच्यावर जपून बसला, जणू ती मोडेल.

"सकाळी नाही वाटत," तो म्हणाला. "दुपारीही नाही. पाच वाजले, अंधार पडला, की मग."

"रोज?"

"रोज नाही. मंगळवारी वाटलं."

आज शुक्रवार होता. लेम्पीला भडभडून आलं, पण तिने नाक पुसलं आणि कॉफी ओतली. अर्धी बशीतच सांडली.

"एकच रायफल," ती म्हणाली. "तुझ्या बाबांची. बाकी तीन कपाटातच राहतील. सकाळी ती माझ्या गाडीतून येईल आणि चार वाजता माझ्या गाडीतूनच परत जाईल. काडतुसंसुद्धा. आणि उद्या संध्याकाळी तू इथे जेवशील."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात मी मचाणावर बसेन तुझ्याशेजारी."

"तू? तुला तोंड मिटून बसता येतं का? एक हरीण फिरकायचं नाही."

"नको फिरकू दे."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. कार्लचं मासे धरायचं जाकीट, त्यावर उसनी नारिंगी बंडी, वय वर्षं सदुसष्ट. शिडी चढताना अर्विडने तिला मागून अक्षरशः ढकललं. मचाण म्हणजे फळ्यांचं खोकं, वारा सगळीकडून आत. रायफल दोघांच्या मध्ये उभी होती आणि लेम्पीची नजर दर दोन मिनिटांनी तिच्यावर जात होती. दहाच्या सुमाराला एक चांगला मोठ्या शिंगांचा नर झाडीतून बाहेर आला. नेमकी लेम्पीला शिंक आली. अर्विडने तिला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दोन वाजले, तीन वाजले. पावलं बधिर झाली. उजेड फिका पडायला लागला तशी लेम्पी चुळबुळायला लागली. घड्याळाकडे बघावं तर त्याला कळेल, न बघावं तर राहवेना. आता मागायची कशी, आणि तो नाही म्हणाला तर या खोक्यात आपण करणार काय?

पावणेचारला अर्विडने न सांगता रायफल मांडीवर घेतली. त्याने एकेक काडतूस बाहेर काढून तिच्या हातमोज्यात टाकलं, आत काही उरलं नाही याची खात्री केली आणि रायफल तिच्या हातात दिली. एक्केचाळीस वर्षांत तिने बंदुकीला हात लावला नव्हता. ती वाटली होती त्याहून जड निघाली.

"नीट धर," तो म्हणाला. "आणि उद्या जाड मोजे घालून ये."