दगडाला चिकटलेली साखर

"दिसली? दिसली का साखर?"

पेनिसिमानी वैद्याने लाकडी वाडगा दोन्ही हातांनी उचलून धरला, आणि चर्चमागच्या मांडवात मांडी घालून बसलेलं अख्खं गाव गुडघ्यांवर उभं राहिलं. वाडग्यात मघाशी नुसतं पाणी होतं, निदान पाण्यासारखं काहीतरी. आता त्यात काळा दगड होता आणि दगडाला पांढऱ्या चिंध्या लोंबत होत्या. गिळगिळीत, दुधाळ, हलवलं की डुलणाऱ्या.

"ही या बाईच्या पायातली साखर! पंधरा वर्षं आत दडून बसली होती. इस्पितळात सुया टोचून टोचून दमले, पण ही बया हलली का? आज आली बघा मुकाट बाहेर!"

बायका रडायला लागल्या. मागून कुणीतरी प्रार्थनागीत उचललं. गीत एकदा उचललं की आमच्या बेटावर ते कुणी खाली ठेवत नाही, बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चारी सूर लागलेच.

वैद्याची रीत अशी होती. विस्तवातला तापलेला दगड केळीच्या पानांत गुंडाळायचा, रोग्याच्या डोक्यापासून पायापर्यंत वरूनवरून फिरवायचा, पानं काढायची आणि दगड चिमट्याने वाडग्यात सोडायचा. चर्र आवाज, वाफ आणि मग त्या चिंध्या. कुणी शंका घेऊ नये म्हणून तो आधी एखाद्या धडधाकट पोरावरून दगड फिरवी आणि शेजारच्या वाडग्यात टाकी. तिथलं पाणी स्वच्छच राही. "निरोगी अंगात नाही, म्हणून आलं नाही. मी काय घरून आणतो?" असं म्हणून तो हसायचा. मांडवात सगळीकडे सुगंधी खोबरेल शिंपडलेलं असायचं. त्या घमघमाटात दुसरा कसलाच वास येऊ नये, अशी सोय होती ती.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी मी पुढच्या चटईवर बसलो होतो, कारण माझ्या वर्गातल्या लाविनियाची पाळी होती. सोळा वर्षांची पोर. तिचा साखरेचा आजार म्हाताऱ्यांच्या आजारासारखा नव्हता. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. लहानपणापासून दिवसातून चार वेळा सुई घेऊन ती जगत होती आणि वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

तिच्या दगडाला सर्वांत जास्त चिंध्या आल्या. वाडगा माझ्यासमोरून गेला तेव्हा मी एक चिंधी बोटावर घेतली आणि तोंडात टाकली.

मांडवात किंकाळी उठली.

"मास्तर! पोरीचं दुखणं खाल्लंत तुम्ही!" वैद्य ओरडला. "आता तुमचं काय होईल?"

"काही नाही. मीठ जरा जास्त झालंय," मी म्हणालो. "बाकी अंडं छान शिजलंय."

मागच्या रांगेत दोघं-तिघं फिस्सकन हसले. तेवढ्यात सेलुवाया आत्याने मान वळवून पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

सेलुवाया म्हणजे लाविनियाच्या बापाची, फोतूची, थोरली बहीण. भावाच्या लेकरांवर आमच्यात आत्याचाच शब्द चालतो. बाप होडीचा मालक असेल, पण पोरांचा मालक नसतो. फोतू समुद्रावर शार्कशी दोन हात करील, पण बहिणीसमोर आवाज चढवणार नाही. आणि सेलुवाया काही मूर्ख बाई नव्हती. तिच्या नवऱ्याच्या पायाचा आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. तो माणूस रोज नेमाने सुई घेत होता आणि तरीही गेला. पण त्याने सुई घेतली ती वर्षानुवर्षं साखर वाढू दिल्यानंतर, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की सुई आली आणि माणूस तुकड्यातुकड्याने गेला.

वैद्याने तिची नस बरोबर ओळखली. औषध सोडा, असं तो म्हणालाच नाही. तेवढा तो हुशार होता.

"औषध वाईट नाही हो आत्या, सुई वाईट! देवाने कातडीला भोक ठेवलंय का? तोंड ठेवलंय! तेच औषध शहाळ्याच्या पाण्यात घाला आणि पाजा पोरीला. मी दगडाने वाट मोकळी केलीये. आता ते आपसूक जाईल पाहिजे तिथं."

हे मला कळलं ते दोन दिवसांनी, शुक्रवारी. लाविनिया तासाला तिसऱ्यांदा पाणी प्यायला उठली. चौथ्यांदा उठली तेव्हा तिने बाकाचा आधार घेतला. मी जवळ गेलो. तिच्या श्वासाला पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास येत होता.

"सुई घेतलीस?"

"औषध घेते की, मास्तर. पिते. एकदाही चुकवलं नाही." तिचे ओठ कोरडे पडले होते. "दुखत नाही हो आता. किती बरं वाटतं, टोचून घ्यावं लागत नाही तर."

मी तिला घेऊन सरळ त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर आत्या चटई विणत होती आणि फोतू जाळं नीट करत होता.

"आत्या, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या बेटावर न्यायला हवं. ते औषध पोटात जाऊन काही उपयोगाचं नाही."

"वैद्य सकाळीच येऊन गेला," आत्या म्हणाली. "तहान लागतेय, उलटी होतेय, कारण साखर निघतेय. श्वास गोड झालाय, कारण गोडवा बाहेर पडतोय. मला तर पटलं."

"ती मरेल, आत्या."

"माझ्या नवऱ्याच्या वेळी तुमचे डॉक्टर म्हणाले होते, तो जगेल." तिने विणणं थांबवलं नाही. "मास्तर, तुम्हाला पोरीची काळजी आहे, दिसतंय मला. पण मी हिला अंगाखांद्यावर वाढवलीये. हिचा पाय मी कापू देणार नाही."

"फोतू, तू तरी बोल."

फोतूने जाळ्यातून डोकं वर केलं नाही. "ताई म्हणेल तसं."

आमची नर्स सिसिलिया लसी टोचायला शेजारच्या बेटांवर गेली होती, शनिवारी परतणार होती. तिच्या दवाखान्याला कुलूप होतं आणि लाविनियाच्या घरच्या सुया आत्याने केव्हाच टाकून दिल्या होत्या. पोरीला उचलून नेणं माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं. त्यांच्या होडीशिवाय समुद्र ओलांडता येत नाही आणि त्या घराच्या मर्जीविरुद्ध मला होडी देणारा माणूस बेटावर नव्हता. एकच मार्ग उरला होता: गावासमोर त्या माणसाचं पितळ उघडं पाडायचं आणि आत्याचं मन वळवायचं.

शनिवारी सकाळी वैद्याचा मांडव भरला तेव्हा मी दोन वाडगे, अंडी, मीठ आणि फडकं घेऊन आत शिरलो.

"मलाही साखर काढता येते," मी म्हणालो. "बघायचीये?"

"काढा, काढा!" वैद्य टाळ्या पिटत म्हणाला. "मास्तरांना पण साक्षात्कार झाला!"

मी सगळ्यांसमोर अंडी फोडली, पिवळं बाजूला केलं, पांढरं मिठाच्या पाण्यात ढवळलं आणि फडक्यातून गाळून वाडग्यात ओतलं. काळपट लाकडी वाडग्यात ते पाण्यासारखंच दिसत होतं. दुसऱ्या वाडग्यात नुसतं पाणी ओतलं. वैद्याच्याच विस्तवातला दगड उचलला आणि मांडवाच्या खांबावरून फिरवला.

"या खांबाला साखरेचा आजार आहे."

दगड वाडग्यात सोडला. चर्र! खांबाची साखर दगडाला लोंबायला लागली. आता मात्र लोक हसले, खदखदून. दुसरा दगड नुसत्या पाण्यात सोडला, तिथे काही झालं नाही.

"दोन वाडगे, दोन पाणी. एवढीच त्याची विद्या. आता हे नीट ऐका." मी फोतूकडे पाहून बोलत होतो. तो कडेला उभा होता. "अंड्यात, माशात, आपल्या अंगात प्रोटीनं असतात. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांब माळ. ती नुसती लोंबत नाही, ठरावीक घडी घालून बसते. कुलपाच्या किल्लीला दाते असतात ना, तशी तिची घडी. घडी आहे तोवर ती आपलं काम करते. तापवलं की घडी उलगडते, माळा एकमेकींत गुंततात आणि पांढऱ्या होतात. आंबटानेही तेच होतं. फोतू, कच्च्या माशावर लिंबू पिळलास की काय होतं?"

"पांढरा होतो," फोतू म्हणाला. "विस्तव नसताना शिजल्यासारखा."

"तो परत कच्चा करून दाखवशील?"

फोतूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"इन्सुलिन अशीच एक माळ आहे, अगदी लहान. पोटातला रस लिंबापेक्षा आंबट आहे आणि तिथे कात्र्याही बसल्यात, माळेचे तुकडे करणाऱ्या. अन्न पचतं ते असंच. लाविनिया शहाळ्यातून जे पितेय, ते तिच्या पोटाला औषध वाटत नाही. माशाच्या घासासारखं ते पचून जातं. रक्तात पोचतात ते सुटे मणी, किल्ली नाही. म्हणून सुई. सुई वाईट म्हणून नाही, पोट चुकवायचं म्हणून."

पुढच्या रांगेतल्यांनी वाकून दोन्ही वाडग्यांत पाहिलं. मला वाटलं, पटलं.

वैद्य उठला. तो चिडला नाही. हसला.

"मास्तरांनी अंड्याने केलं, बरं का. मी शक्तीने करतो. नकली मोती निघाले म्हणून शिंपल्यातला मोती खोटा होतो का रे?"

आणि लोकांनी माना डोलावल्या. मघाशी खांबाला हसले होते, त्यांनीच. सेलुवाया आत्या तर पहिल्यापासून हसलीच नव्हती.

पण फोतू मांडवातून निघून गेला होता. मी धावत त्याच्या घरी पोचलो तेव्हा लाविनिया चटईवर पडली होती. श्वास खोल, भराभर, जणू पळून आलेली. हाकेला ओ नव्हती. फोतू तिच्याजवळ उकिडवा बसला होता.

"परत कच्चा होत नाही," तो म्हणाला. "इतकी वर्षं मासे कापतोय मी, मास्तर."

मागून आत्या आली. फोतूने आयुष्यात पहिल्यांदा बहिणीकडे न पाहता पोरीला उचललं. आत्या आडवी आली नाही. दारातून बाजूला झाली, बस.

सिसिलियाची होडी धक्क्याला लागत होती. तिने तिथेच सुई दिली, सलाईन लावलं आणि फोतूला म्हणाली, "चल. बोलत बसू नकोस." मी सलाईनची पिशवी वर धरून बसलो. वाटेत लाविनियाने एकदा डोळे उघडले. "आत्याला सांगा, दुखत नाहीये," असं काहीसं पुटपुटली. मोठ्या बेटाचा धक्का दिसायला लागला, चर्चचा मनोरा दिसला, धक्क्यावरची माणसं ओळखू यायला लागली, आणि सिसिलियाने माझ्या हातावर हात ठेवून ती पिशवी खाली घ्यायला लावली. फोतूला आम्ही काही बोललो नाही. त्याने इंजिनाचा वेग कमी केला, त्याअर्थी त्याला कळलं होतं.

तिला मातीत ठेवलं त्या दिवशी वैद्य कुठेच दिसला नाही. पुढच्या होडीने दक्षिणेच्या बेटावर गेला, असं ऐकलं. तिथेही मांडव पडलाय. जाताना एक वाक्य मात्र पेरून गेला: "मास्तरांनी अविश्वासाचा घास खाल्ला, त्याने वाट बंद झाली." गावात ते वाक्य उगवलं. माझ्या वर्गातली दोन पोरं शाळा सोडून गेली. एक म्हातारा अजूनही औषध शहाळ्यातूनच पितो. सिसिलिया रोज त्याच्या घरी जाते आणि रोज तो तिला हसून परत पाठवतो.

दुखवट्याचे दिवस संपल्यावर आत्या माझ्याकडे आली. काळ्या कपड्यांवर कमरेला अजूनही दुखवट्याची जाडी फाटकी चटई गुंडाळलेली. पायरीवर बसली.

"मास्तर, खरं सांगा. शुक्रवारी तुम्ही आला होतात. तेव्हाच सुई दिली असती, तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणालो, "जगली असती, आत्या. बहुतेक जगली असती."

तिने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मग उठली.

"वैद्य म्हणतो, तुमच्यामुळे गेली. मी तेच मानलं पाहिजे. तुमचं मानलं, तर मला उद्या उठता येणार नाही."

ती गेली. मी तिला अडवलं नाही, अडवून काय देणार होतो?

म्हणून हे तुम्हाला सांगतोय, ज्यांच्या घरात अजून कुणी गेलेलं नाही. चमत्कार दिसला तर विचारा: दुसऱ्या वाडग्यात काय आहे? मला हात लावू द्याल का? औषध पोटात टिकतं का, हे कुणी तपासलंय? आणि हे आज विचारा. माणूस गेल्यावरही सत्य तेच असतं, पण तेव्हा ते ऐकण्याची ताकद कुणात उरत नाही.